मॉर्टाइज-टेनन जोडासाठी (भोक आणि त्यात बसणारं कुसू) जिग, म्हणजे राऊटरला वाट दाखवणारा साचा, विकत घेऊ की घरीच बनवू?

नवशिक्या_पुणे: मंडळी, सागवानाचे चार स्टूल करायचेत, पाय ४५ मिमी चौरस, रेल (पाय जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या) २५ मिमी जाड, एका स्टूलला आठ रेल म्हणजे एकूण ६४ जोड होतात. एक नमुना पटाशीने करून बघितला तर दोन भोकं तिरकी गेली आणि आता तो स्टूल डुलतोय, बायको त्याला पाळणा म्हणते 😅. ८ मिमी कॉलेटचा (बिट धरणारी पकड) प्लंज राऊटर आहे, म्हणजे फिरतं पातं वरून लाकडात उतरवणारं यंत्र. ली (Leigh) कंपनीची एफएमटी जिग बघतोय पण किंमत बघून छातीत धडधडतं. काय करू?

रंधा_आणि_चहा: एफएमटी उत्तमच आहे, एकाच गाइडवर मॉर्टाइज आणि टेनन दोन्ही निघतं, फिटिंग सैल-घट्ट करता येतं, पण रोज खुर्च्या विकणार असशील तरच घे. तू लूज टेनन कर, म्हणजे पायात आणि रेलच्या टोकात दोन्हीकडे भोकच, आणि मधे सुटी पट्टी. १२ मिमी एमडीएफचा टेम्प्लेट (खाच कापलेला साचा), १६ मिमीचा गाइड बुश (राऊटरच्या तळाला बसणारी, खाचेत सरकणारी कडी), ८ मिमीचा बिट (कापणारं पातं). बुश बिटाच्या दोन्ही बाजूंना ४ मिमी बाहेर असतो, म्हणून ४० मिमी लांब भोकासाठी खाच ४८ लांब आणि १६ रुंद काप. टेम्प्लेटच्या खाली एक फळी काटकोनात स्क्रूने ठोक, तीच फेन्स, म्हणजे लाकडाला टेकवायची कड. रेलच्या टोकाला करताना रेल उभी पकडावी लागेल. प्रत्येक तुकड्याच्या दर्शनी बाजूला पेन्सिलने खूण कर आणि फेन्स कायम त्याच बाजूला टेकव, इथेच सगळे गंडतात.

भुसा_सम्राट: वरच्यांनी एक सांगितलं नाही, बिट लांब लागेल. टेम्प्लेटचे १२ आणि भोकाची खोली २५ म्हणजे ३७ मिमी खाली जायला हवं, साधा बिट पोचत नाही, मी अर्धं काम झाल्यावर हे शोधलं 🤦. अपकट स्पायरल (पिळाचा बिट) घे, भुसा वर येतो. एका दमात ५ मिमीच्या वर नको.

जुनाखोड: जिगनेच सगळं होतं असं नाही बरं का. आमचे मिस्त्री भोक आधी ड्रिलने पोखरायचे, मग पटाशीने फक्त भिंती साफ. कुसू (टेनन) रेलच्या जाडीच्या एक तृतीयांश, म्हणजे तुझं ८ बरोबर आहे. आणि ४५ च्या पायात शेजारशेजारची दोन भोकं आत एकमेकांना भिडणार, तिथे पट्ट्यांची टोकं ४५ अंशात काप नाहीतर रेल आत बसणारच नाही.

रंधा_आणि_चहा: हो ते राहिलंच. पट्टी जाडीला घट्ट, रुंदीला मात्र मिमीभर सैल ठेव, जुळवताना सरकवता येते. आणि कडा गोल कर, राऊटरच्या भोकाची टोकं गोलच असतात.

नवशिक्या_पुणे: बाप रे, बिटाचं आत्ता मोजलं, माझा ३० लाच संपतो. उद्या बिट आणतो, आधी पाळण्याच्याच उरलेल्या तुकड्यावर एक जोड करून फोटो टाकतो.