मदत हवी आहे: मॉडेलमध्ये अभिसरण थांबतच नाही!

वाफाळलेला: शुक्रवारी गाईडना दाखवायचंय. पायथनमध्ये हवेच्या एका स्तंभाचं मॉडेल लिहिलंय. बाष्प घातलं की ढग वर उसळतात ते उसळतच राहतात. कोरडा रन व्यवस्थित. लवकर सांगा प्लीज.

गणूबुवा: टाइमस्टेप (गणनेतला वेळेचा टप्पा) निम्मा करा.

वाफाळलेला: पाव केला. तेच.

माळरान: कुठलं हवामान? आमच्या सोलापुरात ढगांवर प्रयोग करायला विमानं आली होती, तेव्हा...

वाफाळलेला: अहो, शनी ग्रह आहे.

दवबिंदू: हे शेवटी सांगताय? उत्प्लावनाची (हलकी हवा वर ढकलणाऱ्या बलाची) ओळ टाका.

वाफाळलेला: आभासी तापमान (बाष्पाने हवेच्या वजनात पडणारा फरक धरून काढलेलं) = तापमान × (१ + ०.६१ × बाष्प). पुस्तकातलीच आहे.

दवबिंदू: पृथ्वीच्या पुस्तकातली! रेणुभार बघा: आपली हवा २९, पाणी १८, म्हणून दमट हवा हलकी. ०.६१ तिथूनच येतो. शनीवर हायड्रोजन-हेलियम, सरासरी २.२ धरा. तिथे बाष्प म्हणजे ओझं. ०.६१ च्या जागी उणे ०.८८ घाला.

गणूबुवा: पण बाष्पाचं पाणी होताना सुटणारा सुप्त उष्मा आहे ना? हवेचा पुंजका तापून वर जाणारच.

दवबिंदू: दर शंभर रेणूंत एक पाण्याचा धरा. सगळं बाष्प सांद्रीभूत झालं तरी १५-१६ अंश मिळतात. ३०० केल्विनला त्याच बाष्पाच्या वजनाचा तोटा आभासी तापमानात २० अंशांच्या वर. करा हिशोब.

गणूबुवा: बरं. टाइमस्टेप तरी बघाच.

वाफाळलेला: बदललं. आता काहीच हलत नाही!! बिघडलं का?

दवबिंदू: रन किती दिवसांचा?

वाफाळलेला: ९०.

दवबिंदू: मग कसं हलेल? खाली जड दमट थर झाकण लावल्यासारखा बसतो. वरची हवा अवकाशात उष्णता सोडत गार होते, पुरेशी जड व्हायला दशकं लागतात, मग एकदम फुटतं. शनीवरची मोठी वादळं बघा: १८७६, १९०३, १९३३, १९६०, १९९०, २०१०. शेवटचं कॅसिनी यानाने जवळून पाहिलं.

चांदणी_चौक: अवांतर: १९३३ चं वादळ विल हे या इंग्लिश विनोदी नटाने ६ इंची दुर्बिणीतून शोधलं! माझ्या ४ इंचीतून पुढचं दिसेल का?

वाफाळलेला: कृपया वेगळा धागा काढा. लॅपटॉपवर ५० वर्षांचा रन शुक्रवारपर्यंत होईल का?

गणूबुवा: टाइमस्टेप वाढवा.

दवबिंदू: वाढवू नका. सुरुवातीलाच वरची हवा वीसेक अंश गार करून ठेवा आणि गाईडना तसं स्पष्ट सांगा.