जन्मजात हृदयदोष असलेल्या प्रौढांना साथीचा धोका किती आणि तयारी काय ठेवावी?

गोदाकाठ (प्रश्न)
नमस्कार. माझा धाकटा भाऊ 31 वर्षांचा आहे. त्याच्या हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मतः मोठे छिद्र होते. ते उशिरा लक्षात आले आणि तोवर फुप्फुसांतील रक्तदाब इतका वाढला होता की शस्त्रक्रिया करता येणार नाही, असे आम्हाला सांगण्यात आले. त्याचे ओठ आणि नखे निळसर दिसतात, आणि शांत बसलेला असतानाही ऑक्सिमीटरवर 82 ते 84 हाच आकडा येतो. 2021 च्या एप्रिलमध्ये त्याला कोविड झाला, तेव्हा आकडा 94 व्हावा म्हणून वॉर्डात ऑक्सिजन वाढवत नेला जात होता आणि तो काही केल्या वर सरकत नव्हता. आईने जुनी फाइल आणून त्यातला 83 हा आकडा दाखवला, तेव्हा कुठे धावपळ थांबली. याउलट माझ्या मावसबहिणीचे छिद्र लहानपणीच बुजवले होते, तिला दोन दिवस ताप येऊन गेला, एवढेच. दोघांचाही आजार 'जन्मजात हृदयदोष' याच नावाचा, मग धोका इतका वेगळा कसा?

हृदयरोग विभाग, पुणे
ताई, धोका दोषाच्या नावावरून ठरत नाही, आज शरीराची स्थिती काय आहे यावरून ठरतो. 2021 साली 58 केंद्रांमधील 1044 कोविडबाधित प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हे सर्व जन्मजात हृदयदोष असलेले होते. त्यांतील 24 जण, म्हणजे 2.3 टक्के, दगावले. हृदयाची रचना किती गुंतागुंतीची आहे याचा मृत्यूशी स्वतंत्र संबंध दिसला नाही. मात्र शरीर निळे पडणे, फुप्फुसांतील वाढलेला रक्तदाब, पूर्वी येऊन गेलेले हार्ट फेल्युअर, मधुमेह आणि मूत्रपिंडाचा विकार यांचा संबंध दिसला. तुमच्या मावसबहिणीत यांपैकी बहुधा काहीच नसेल.

भावाच्या स्थितीला आयझेनमेंगर सिंड्रोम म्हणतात. त्याच्या फुप्फुसांतील रक्तवाहिन्या कडक झालेल्या असल्याने अशुद्ध रक्त छिद्रातून थेट शरीराकडे जाते. ताप, जुलाब किंवा पाणी कमी पडणे यांमुळे शरीराचा रक्तदाब खाली आला की हा उलटा प्रवाह आणखी वाढतो, म्हणून पाण्याकडे पहिल्या दिवसापासून लक्ष हवे. दुसरी गोष्ट सलाइनची. नळीतला हवेचा लहानसा बुडबुडा एरवी फुप्फुसांत अडकतो, पण अशा रुग्णात तो थेट मेंदूकडे जाऊ शकतो. नळीला फिल्टर आहे ना, हे नातेवाइकांनी जरूर विचारावे. हिमोग्लोबिन 19-20 इतके जास्त दिसले म्हणून रक्त काढण्याची घाई कोणी करू नये, कमी ऑक्सिजनवर भागवण्यासाठी शरीराने केलेली ती सोय असते. आईंनी फाइल दाखवली, हे फार मोलाचे काम केले.

माणदेश
मी फॉन्टान शस्त्रक्रिया झालेला आहे, म्हणजे माझ्या हृदयाचा एकच कप्पा पंपाचे काम करतो आणि अशुद्ध रक्त पंपाशिवाय आपल्या ओढीने फुप्फुसांकडे जाते. व्हेंटिलेटरने छातीत दाब वाढला की हा प्रवाह मंदावतो, म्हणून दाखल होताना माझ्या डॉक्टरांचा फोन नंबर सर्वांत आधी पुढे करतो. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असताना प्रतिजैविक सुरू झाले, तर आयएनआरची (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) तपासणी लवकर करून घ्यावी. माझा एकदा त्यामुळेच पार वर गेला होता.

एक खंत मात्र अजून जात नाही. 1 मार्च 2021 पासून सहव्याधी असलेल्यांना लस खुली झाली आणि त्या यादीत फुप्फुसांतील तीव्र रक्तदाबासह असलेला जन्मजात हृदयदोषही होता, परंतु अट 45 ते 59 वयाची. आपल्यासारखे बहुतेक त्या वेळी विशी-तिशीत होते, त्यामुळे वाट पाहावी लागली ती 1 मे पर्यंत, म्हणजे दुसरी लाट ऐन भरात असताना. पुढच्या वेळी वयाआधी आजार पाहिला जावा, ही मागणी आपण आतापासून लावून धरली पाहिजे.

गोदाकाठ
दोघांचेही मनापासून आभार. भाऊ फुप्फुसांच्या रक्तदाबासाठी सिल्डेनाफिल घेतो. साथीत ती बंद करावी लागते का?

हृदयरोग विभाग, पुणे
स्वतःहून मुळीच बंद करू नये, फुप्फुसांतील दाब अचानक उसळू शकतो. मात्र कोविडवरील रिटोनाविर असलेल्या गोळ्यांसोबत ती चालत नाही, त्यामुळे अशा गोळ्या लिहून देणाऱ्याला हे आधीच सांगा. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी आणि न्यूमोकॉकसची (न्यूमोनिया करणाऱ्या एका जंतूवरची) लस त्याच्या डॉक्टरांना विचारून पूर्ण करावी. एका जाड कागदावर त्याचा नेहमीचा ऑक्सिजनचा आकडा, रक्तदाब, हिमोग्लोबिन, चालू गोळ्या आणि 'सलाइनला हवेचा फिल्टर लावा' ही ओळ मोठ्या अक्षरांत लिहा. एक प्रत त्याच्या पाकिटात आणि एक शेजाऱ्यांकडे ठेवा, कारण मागच्या खेपेस पुष्कळ घरांत फाइल सापडली, पण ती घेऊन जाणारे माणूसच विलगीकरणात होते.