दुर्बिणीतून पित्ताशय काढल्यावर उलटी टाळायला एकटं ऑनडान्सेट्रॉन (उलटीवरचं औषध) पुरेल का?

प्रश्न: बाई, वय ३५, सिगारेट नाही, गाडी लागते. भूल उतरताना फक्त ऑनडान्सेट्रॉन ४ मिग्रॅ द्यावं का?

उत्तर १: नाही पुरणार. ऑपरेशननंतर ओपिऑइड (मॉर्फिनसारखं वेदनाशामक) देणार असाल तर अ‍ॅपफेल स्कोअर (बाई असणं, सिगारेट नसणं, गाडी लागणं, ओपिऑइड यांचा प्रत्येकी एक गुण) ४ पैकी ४, म्हणजे मळमळ-उलटीचा धोका सुमारे ८० टक्के. डेक्सामेथासोन (स्टेरॉइड, उलटीही टाळतं) ४ ते ८ मिग्रॅ भूल चढल्याबरोबर द्या, त्याचा परिणाम सावकाश येतो. ऑनडान्सेट्रॉन शेवटी, टाके घालताना. गॅसऐवजी प्रोपोफॉलवर (शिरेतून द्यायचं भुलीचं औषध) भूल ठेवली तर फारच चांगलं.

उत्तर २: डेक्सामेथासोन पेशंट जागा असताना शिरेतून झपकन ढकलू नका हं, जांघेत असह्य आग होते.

उत्तर ३: तरीही रिकव्हरीत उलटी झालीच तर ६ तासांच्या आत ऑनडान्सेट्रॉन पुन्हा देऊन उपयोग नाही, ते ज्या रिसेप्टरवर (पेशींवरच्या ग्राहकांवर) काम करतं ते आधीच अडवलेले असतात. दुसऱ्या गटातलं औषध द्या. ईसीजीत क्यूटी (हृदयाच्या एका ठोक्यातला विद्युत कालावधी) लांबलेला असेल तर मात्र त्यासाठी हॅलोपेरिडॉल नको.