दुसरीच्या गणितासाठी गोष्टीची पुस्तकं सुचवा (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. भाषेच्या तासाला गोष्टी रंगतात, आता गणित आणि परिसरही त्यातूनच घ्यायचं आहे. परवा गुऱ्हाळाची चित्रगोष्ट वाचली, तर पोरं गुळाचे रवे (ढेपा) मोजत थेट दहाच्या गटांवर आली! हातच्याची वजाबाकी, घड्याळ, वजन-मापं यांसाठी असं काही आहे का? गोष्टीचा वेष घातलेला स्वाध्याय नको, पोरं लगेच ओळखतात. स्टोरीवीव्हर या गोष्टींच्या वेबसाइटवर मराठी पुस्तकं फुकट आहेत, पण एका मोबाईलभोवती अख्खा वर्ग कसा बसवायचा? छापील, मोठ्या चित्रांची कोल्हापुरात कुठं मिळतील? आणि गोष्ट मध्येच थांबवून प्रश्न विचारता, की आधी पूर्ण वाचून घेता?