मदत हवी आहे: चामड्याच्या पाकिटाच्या कडा गुळगुळीत होत नाहीत

मंडळी, दिवाळीपासून हौस म्हणून हाताने चामड्याची पाकिटं शिवतोय. धारावीतून स्वस्तातले तुकडे आणले होते. शिलाई आता बरी जमते: आरीने आधी भोकं, मग मेण लावलेला दोरा आणि दोन सुया. कडांनी मात्र जीव नकोसा केलाय. पाणी लावून लाकडी दांडीने कितीही घासा, तंतू पुन्हा उभे! नंतर कळलं की हे क्रोम टॅनिंगचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं चामडं (कापल्यावर आतून निळसर-राखाडी दिसतं). घासून चकाकी येते ती झाडाच्या सालीत कमावलेल्या चामड्याला.

तर विचारायचं असं, की कोल्हापुरी चपलांसाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात ते चामडं पाकिटाला चालेल का? ते फार जाड असतं. मला दीड मिमीच्या आसपास हवंय. रापीने घरी एवढं तासता येतं, की मशीनवरच पातळ करून घ्यावं? दोन-तीन चौरस फूट किरकोळीत कोण देतं? अख्खं कातडं घेतलं तर बायको मलाच घराबाहेर काढेल.

आणि शिवून झालेल्या चार पाकिटांना कडेचा रंग लावला तर घडीवर तडकतो का? वापरलेल्यांनीच सांगा.