कर्नल बदलला आणि झेडएफएस पूल गायब: दोष फाइलसिस्टीमचा की अपग्रेडच्या पद्धतीचा?

सातपूरकर:
नाशिकच्या अंबड-सातपूरच्या छोट्या कारखान्यांत एखादा डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हर, त्यावर झेडएफएस या फाइलसिस्टीमचा पूल (एकत्र जोडलेल्या डिस्कची साठवण) आणि त्यात सीएनसी मशीनचे प्रोग्रॅम, ड्रॉइंग. कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) अपडेट आपोआप बसतो, पण लगेच काही बिघडत नाही, कारण जुनाच कर्नल चालू असतो. मग वीज जाते, यूपीएस उतरतो, सर्व्हर नव्या कर्नलवर उठतो आणि त्या कर्नलसाठी झेडएफएसचं मॉड्यूल (कर्नलला बाहेरून जोडायचा भाग, तो डीकेएमएस हे साधन प्रत्येक कर्नलसाठी नव्याने बनवतं) बनलेलंच नसतं.

पूल नाही, पण तो जिथे माउंट होतो (जोडला जातो) ते रिकामं फोल्डर आहे. सांबा, म्हणजे नेटवर्कवर फोल्डर देणारा प्रोग्रॅम, तेच शेअर करतो. लोक त्यात फाइल टाकतात, त्या सिस्टीमच्या डिस्कवर जातात आणि नंतर पूल माउंट झाला की खाली दडतात. खरा घात रात्री होतो: बॅकअपला 'आरसिंक --डिलीट' (स्रोतात नसलेल्या फाइल प्रतीतूनही काढणारी कमांड) असेल तर स्रोत रिकामा पाहून ते बॅकअपही पुसतं. म्हणून पूर्णवेळ ॲडमिन नसेल तिथे ईएक्सटी४ किंवा एक्सएफएस, कर्नलच्या आतलीच फाइलसिस्टीम वापरा.

पंचवटीकर:
अजिबात पटत नाही. मॉड्यूल न बनण्याची कारणं ठरलेली आहेत. कर्नल आला पण हेडर (मॉड्यूल बनवायला लागणाऱ्या फाइल) आले नाहीत? 'लिनक्स-हेडर्स-एएमडी६४' हे मेटापॅकेज टाका, ते कर्नलबरोबर येत राहतात. दुसरं, कर्नल ओपनझेडएफएसच्या (लिनक्सवरच्या झेडएफएसच्या) पुढे गेला. २.३.० ही आवृत्ती ४.१८ ते ६.१२ कर्नलसाठी होती. बॅकपोर्ट्समधून (नव्या आवृत्त्यांच्या जादा भांडारातून) पुढचा कर्नल ओढला तर बिल्ड फुटणारच. सिक्युअर बूट (फक्त सही असलेला कोड चालू देणारी सोय) चालू असेल तर बनलेलं मॉड्यूलही नाकारलं जातं; डीकेएमएसची किल्ली 'एमओकेयुटिल'ने एकदा नोंदवावी लागते. रीबूटआधी 'डीकेएमएस स्टेटस' बघा. नव्या कर्नलपुढे 'इन्स्टॉल्ड' नसेल तर रीबूट नको.

रिकाम्या फोल्डरचं खापर झेडएफएसवर फोडू नका. 'नोफेल' (डिस्क नसली तरी सर्व्हर उठू दे) देऊन लावलेल्या यूएसबी डिस्कची केबल सैल झाली तर ईएक्सटी४वरही हेच होतं. बॅकअप स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच 'माउंटपॉइंट -क्यू'ने डिस्क खरंच माउंट आहे का ते तपासा. पूल उतरवलेला असताना त्या फोल्डरला 'सीएचॲटर +आय' लावा, मग रूट युजरलाही तिथे लिहिता येत नाही.

आणि ईएक्सटी४ डेटाचे चेकसम (बदल पकडणारे ताळ्याचे आकडे) ठेवत नाही. डिस्कने गुपचूप एक बिट बदलला, प्रोग्रॅममधला आकडा बदलला, जॉब स्क्रॅप. याचं काय करणार?

देवळालीकर:
कर्नलच्या आतलं म्हणजे कायमचं, असंही नाही. रायझरएफएस ही फाइलसिस्टीम काढणार हे २०२२ मध्ये कर्नल ५.१८ ला जाहीर झालं आणि २०२५ च्या जानेवारीत आलेल्या ६.१३ मध्ये ती नव्हती. बीकॅशएफएस ६.७ मध्ये आत, ६.१८ मध्ये बाहेर. रेड हॅटने आरएचईएल ८ मधून बीटीआरएफएस काढली.

एक्सएफएसवाल्यांनी आजच 'एक्सएफएस_इन्फो' चालवावं. 'सीआरसी=०' दिसलं तर तो जुना व्ही४ फॉरमॅट; सप्टेंबर २०३० मध्ये त्याचा सपोर्ट संपतोय. जागच्या जागी रूपांतर होत नाही. डेटा दुसरीकडे हलवून डिस्क नव्याने फॉरमॅट करावी लागते.

सातपूरकर:
रायझरएफएसवाल्यांना अडीच वर्षांहून जास्त वेळ मिळाला. बीकॅशएफएसवर प्रायोगिक अशी पाटीच होती. झेडएफएस मात्र न सांगता, कुठल्याही रीबूटला अडते. चेकसमचा मुद्दा खरा आहे, पण महिन्यातून एकदा येणारा टेक्निशियन तुमची ही सगळी तपासणी करत नाही.

पिंपळगावकर:
द्राक्ष निर्यातीच्या पॅकहाउसला जानेवारी ते एप्रिल एक दिवसही सर्व्हर बंद परवडत नाही. तेवढे महिने कर्नल आणि हेडर, दोन्ही मेटापॅकेजना 'एपीटी-मार्क होल्ड' लावा, म्हणजे ते अपडेट होणार नाहीत.

पंचवटीकर:
भाऊ, चार महिने कर्नलच्या सुरक्षा दुरुस्त्या बंद? सर्व्हर इंटरनेटला उघडा असेल तर मुळीच नको. त्यापेक्षा उबंटू एलटीएस (दीर्घकाळ सपोर्ट मिळणारी आवृत्ती) घ्या, तिच्या कर्नलसोबत झेडएफएसचं मॉड्यूल तयार आणि सही केलेलं येतं. डेबियनच हवं तर जुना कर्नल काढू नका. अडलं की ग्रबच्या (सर्व्हर सुरू होताना कर्नल निवडायच्या मेनूच्या) 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून तोच निवडा. फक्त नवी आवृत्ती बसल्या बसल्या 'झेडपूल अपग्रेड' मारू नका, ते पूलची नवी फीचर सुरू करतं. वापरात आलेली फीचर बहुधा मागे घेता येत नाहीत आणि जुन्या मॉड्यूलला तो पूल उघडेलच याची खात्री नाही.

सातपूरकर:
ग्रबचा मेनू बघायला मॉनिटर लागतो, आणि कारखान्यातल्या सर्व्हरला तो बहुधा जोडलेलाच नसतो.

पंचवटीकर:
रूट (सिस्टीमची डिस्क) ईएक्सटी४वर ठेवा, पूल फक्त डेटासाठी. पूल नसला तरी एसएसएच (दुरून सर्व्हरवर जाणं) चालतं. 'ग्रब_डीफॉल्ट=सेव्ह्ड' करून 'अपडेट-ग्रब' चालवलेलं असेल तर 'ग्रब-रीबूट'ने जुना कर्नल घरी बसून निवडता येतो.