शब्दचर्चा: 'माशांग' म्हणजे नक्की किती मिनिटं?

मूळ प्रश्न:
लोकहो, मी सध्या शेंजेनला कामाला आहे, चिनी भाषा रडतखडत चालू आहे. जेवण मागवलं आणि डिलिव्हरीवाल्याला फोन केला की तो म्हणतो "माशांग". डिक्शनरीत अर्थ 'लगेच', शब्दशः 'घोड्यावर'. आता हा घोडा कधी पाच मिनिटात येतो तर कधी पाऊण तासाने. आमच्या ऑफिसातला जर्मन माणूस हे ऐकलं की लगेच लिफ्टने खाली जाऊन उभा राहतो आणि वर येताना जाम तापलेला असतो. याचा अर्थ काय धरायचा? आणि असे अजून शब्द माहीत असतील तर टाका.

प्रतिसाद:
आपण म्हणतो ना, "घोड्यावर बसून आलायस का?" तेच हे. फक्त आपण समोरच्याला घोड्यावर बसवतो, ते स्वतः बसतात.

प्रतिसाद:
मी शांघायला असते. 'माशांग' आपल्या 'आलोच'सारखं धरा, मिनिटं मोजू नका. आणि खरी गंमत पुढे आहे, हॉटेलात वेटरला हाक मारली की तो लांबूनच ओरडतो "लाय-ला, लाय-ला", म्हणजे "आलो, आलो", आणि तो अजून तिकडे दुसऱ्याच टेबलावर प्लेटा उचलतोय. युरोपातून आलेल्यांना हे कळतच नाही, न आलेला माणूस 'आलो' कसं म्हणतो! आपल्याला काहीच वाटत नाही कारण आपण पण आंघोळीला जायच्या आधी फोनवर "निघालोच" म्हणतो. बाकी बरेचसे विनोदी म्हणून सांगितलेले शब्द मला तरी घरचेच वाटले. "छ्र ल मा?" म्हणजे जेवलात का, यावर काही गोरे लोक बिचारे काय काय खाल्लं ते सांगत बसतात किंवा आमंत्रण समजून खूश होतात. "जेवण झालं का" ऐकत वाढलेल्या माणसाला सांगायला नको की हो म्हणायचं आणि पुढे चालू पडायचं. निघताना दुकानदार "मान-त्सौ" म्हणतो, हळू चाला, म्हणजे आपलं 'सावकाश जा'. आणि कुणी तुमच्या चिनीचं कौतुक केलं तर जुन्या वळणाचं उत्तर "नाली-नाली", शब्दशः "कुठे, कुठे?", ज्याला मराठीत तयार शब्द आहे: "कसचं कसचं!" हल्लीची पोरं मात्र सरळ थँक्यू म्हणून मोकळी होतात.

प्रतिसाद:
उच्चाराचं पण टाकतो. रोमन लिपीत बी लिहितात तो खरा आपला 'प' आणि पी लिहितात तो 'फ'. म्हणजे बीजिंग हे खरं तर पेइचिंग. इंग्रजीवाल्यांना हा फरक ऐकू यायला वेळ लागतो, आपल्याला फुकटात मिळतो. सूर मात्र आपल्याला पण रडवतात, 'स्स' एका सुरात चार आणि दुसऱ्या सुरात मरणं, म्हणून बऱ्याच बिल्डिंगींच्या लिफ्टमध्ये चौथा मजलाच नसतो.

मूळ प्रश्न विचारणारा:
भारी! मग आपल्याला काहीच अवघड नाही का इथे? मी शाकाहारी आहे, तिथे तर रोज मार खातोय.

प्रतिसाद:
तिथे मराठी कामाला येत नाही. 'रौ' म्हणजे मांस हे पुस्तकात, हॉटेलात नुसतं 'रौ' म्हटलं की डुकराचं धरतात. त्यामुळे "रौ नको" म्हटल्यावर चिकन येऊ शकतं, आणि खिमा तर खूपदा चवीपुरता घातलेला असतो, तो त्यांच्या हिशेबात मांसात जमाच नाही. सगळ्यात कहर म्हणजे 'यू-श्यांग' वांगं. नावाचा अर्थ माशाच्या वासाचं वांगं, म्हणून शाकाहारी लोक घाबरून ते सोडून देतात, पण त्यात मासा नसतोच, लोणच्यातली मिरची, आलं-लसूण, व्हिनेगर आणि साखर यांचा सेचुआनी मसाला असतो. मग कुणीतरी समजावतं की बाबा मासा नाही, आणि बिनधास्त मागवावं तर वांग्यात डुकराचा खिमा! तेव्हा "वो छ्र सू" म्हणा, मी शाकाहारी, आणि त्याला जोडून अंडं, खिमा, हाडांचं सूप यातलं काय चालत नाही ते एकेक सांगा. देवळाजवळची शाकाहारी खानावळ सापडली तर सोडू नका, तिथे मात्र कांदा-लसूण पण नसतो बहुतेक वेळा.

प्रतिसाद:
पाण्याचं राहिलं. जुलैच्या घामात पण ग्लासात गरम पाणी येतं, ट्रेनच्या डब्यात उकळत्या पाण्याचा नळ असतो. सर्दी, पोटदुखी, ब्रेकअप, सगळ्यावर "गरम पाणी पी". गार हवं तर 'पिंग द' म्हणायचं, बर्फाचं. माझ्या आईला हा देश फार आवडला.

प्रतिसाद:
'अर-पाय-वू' कुणीच टाकलं नाही? म्हणजे 250, आणि अर्थ बिनडोक. सांगतात असं की जुन्या काळी भोकाची हजार नाणी दोरीत ओवून एक माळ व्हायची, अर्धी माळ म्हणजे अर्धवट माणूस, आणि 250 म्हणजे त्या अर्धवटाचा पण अर्धा. आपला दीडशहाणा निदान वरच्या बाजूला तरी चुकतो. घासाघीस करताना 250 वर अडलात तर 248 तरी म्हणा नाहीतर 255 तरी द्या.